डिस्क गोल्फच्या डिस्क रंगवून द्यायचा धंदा नाशकात बसून परवडेल का?

रंगखुळी

मंडळी, व्यवहारी सल्ला हवाय. कौतुक नको, आकडे हवेत.

माझा थोरला भाऊ अमेरिकेत शार्लटला असतो आणि डिस्क गोल्फ खेळतो. ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी: गोल्फचेच नियम, फक्त काठी-चेंडूऐवजी हातानं डिस्क फेकायची आणि खांबावर साखळ्या लटकवलेल्या टोपलीत ती पाडायची. कमी फेकींत पाडेल तो जिंकला. डिस्क आपल्या बीचवरच्या फ्रिस्बीपेक्षा लहान, जड आणि कडेला निमुळती असते. व्यास २१ सेंटिमीटरच्या आसपास, वजन बहुतेक १५० ते १८० ग्रॅम. लांब फेकायची वेगळी, मधल्या पल्ल्याची वेगळी, टोपलीजवळची वेगळी, त्यामुळे एकेका खेळाडूच्या पिशवीत पंधरा-वीस डिस्क सहज असतात.

दादा दिवाळीला आला तेव्हा काही कोऱ्या पांढऱ्या डिस्क घेऊन आला. मी ऑर्डरप्रमाणे साड्या-कुर्ते रंगवते, म्हणून म्हणाला, यावर काहीतरी कर. केलं. त्यानं फोटो मित्रांना पाठवले आणि आता ते मित्र मागे लागलेत. दादाचं म्हणणं, नोकरी नाहीये तर हाच धंदा कर, तिथं लोक रंगवलेल्या डिस्कला दुप्पट पैसे मोजतात. आई म्हणते, ज्या वस्तूचं नाव गल्लीत कुणाला सांगता येत नाही तिचा धंदा कसला? दोघांचंही पटतंय, म्हणून इथं विचारते.

काम थोडक्यात असं. डिस्कवर कंपनीचा चकचकीत छाप असतो, तो अ‍ॅसिटोननं पुसून काढायचा. मग दोन वाटा. पहिली स्टेन्सिलची: चिकट व्हायनल (स्टिकरचा प्लास्टिकचा पातळ कागद) लावायचं, नक्षी कापायची, गडद रंगाचा भाग आधी सोलायचा, ५५ ते ६५ अंशांच्या गरम रंगपाण्यात डिस्क सोडायची, मग पुढचा भाग सोलायचा आणि फिकट रंग. दुसरी गोंदाची: ताटात पांढऱ्या गोंदाचा थर ओतायचा, त्यात रंगाचे थेंब टाकून काडीनं ओढायचे, डिस्क पालथी ठेवायची आणि एक-दोन दिवस हात लावायचा नाही. गोंद सुकत जातो, रंग वर प्लास्टिकात शिरतो. धुतल्यावर काय निघेल ते आधी नक्की सांगता येत नाही. मजा तीच आणि गिऱ्हाइकाशी भांडणही तिथंच.

एका स्टेन्सिल डिस्कला हाताचा वेळ दीड-दोन तास जातो. हे परवडेल का?

---

झणझणीत

पहिला प्रतिसाद माझा! अमेरिकेत गोल्फची चकती रंगवायला नाशिकची पोरगी. आपल्याकडे गोल्फ क्लब मैदान आहे, त्यावर गोल्फ सोडून सगळं चालतं. सकाळी तिथं फिरणाऱ्या आजोबांना विका.

---

पंचवटीकर काकू

झणझणीत, थट्टा पुरे. मुलीनं नीट विचारलंय.

रंगखुळी, आधी एक सांग. ते अ‍ॅसिटोन घरात कुठे वापरतेस? आणि रंगाची पातेली स्वयंपाकातली नाहीत ना?

---

रंगखुळी

काकू, गच्चीवर. पातेली, चमचे, थर्मामीटर सगळं वेगळं, त्यावर लाल पट्टी मारलीय. आईनं पहिल्याच दिवशी दम दिला होता.

---

ऑस्टिनचा नाशिककर

धागा बघून हसूच आलं. मी मूळचा सिडकोचा, आता टेक्सासात, आणि दर शनिवारी हाच खेळ खेळतो. चार गोष्टी सांगतो.

खेळ खरा आहे, मोठा आहे. पहिला कायमचा कोर्स १९७५ साली कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कमध्ये झाला. तो आखणारे एड हेड्रिक. साखळ्यांची टोपली त्यांचीच आणि खेळाची संघटना पीडीजीएही त्यांनीच १९७६ मध्ये काढली. आज जगात १५ हजारांहून जास्त कोर्स आहेत, बहुसंख्य अमेरिकेत, युरोपात फिनलंड पुढे. बरेचसे कोर्स सार्वजनिक बागांत आणि फुकट. कोविडमध्ये सगळं बंद असताना हे चालू होतं, त्यामुळे २०२० नंतर खेळणारे एकदम वाढले. पैसा किती असावा? पॉल मॅकबेथ या खेळाडूनं २०२१ मध्ये डिस्क्राफ्ट कंपनीशी १० वर्षांचा १ कोटी डॉलरचा करार केला.

आता कडू भाग. कोविडमध्ये जसे खेळाडू वाढले तसे रंगवणारेही. माझ्या ओळखीत गॅरेजमध्ये डिस्क रंगवणारे तिघेचौघे आहेत आणि सगळ्यांचीच नोकरी चालू आहे. चांगल्या प्लास्टिकची कोरी डिस्क इथं १५ ते २० डॉलरला मिळते. रंगवलेली ३५-४० ला जाते. नाव झालेला कलाकार असेल तर जास्त, पण तसे थोडे. ४० धरा. त्यातून कोऱ्या डिस्कचे १७ गेले. एट्सीवर (हातच्या वस्तू विकायची वेबसाइट) विकली तर साडेसहा टक्के कमिशन म्हणजे २ डॉलर ६० सेंट, लिस्टिंगचे २० सेंट, पेमेंटचा कट वेगळा. रंग, व्हायनल, खोका धरून हातात १६-१७ उरतात. दोन तासांनी भागा. तासाला ८ डॉलर. इथं बर्गरच्या दुकानात यापेक्षा जास्त मिळतात.

दादांचा 'दुप्पट' हा शब्द बरोबर आहे, फक्त तो विक्रीच्या किमतीबद्दल आहे.

---

हिशोबनीस

ऑस्टिनकरांनी तिथला हिशोब मांडला, मी इथला मांडतो.

तासाला ८ डॉलर अमेरिकेत कमी, नाशकात वाईट नाहीत. पण ते ८ डॉलर इथपर्यंत पोचत नाहीत. कोरी डिस्क अमेरिकेतून इथं आणायची: वाहतूक, आयात शुल्क, त्यावर जीएसटी. रंगवून परत पाठवायची: पुन्हा वाहतूक, आणि आता तिकडचं शुल्कही. पूर्वी ८०० डॉलरच्या आतलं पार्सल अमेरिकेत बिनशुल्क जायचं. ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांसाठी बंद झाली. त्या गोंधळात आपल्या पोस्टानंही अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं होतं, ते ऑक्टोबरात परत सुरू झालं. एक डिस्क दोनदा समुद्र ओलांडणार आणि दोन्ही काठांवर कुणीतरी हात पुढे करून उभं. उरणार काय?

शिवाय कागदपत्रं. वस्तू परदेशी पाठवायची तर आयईसी कोड, म्हणजे आयात-निर्यातीचा क्रमांक, लागतो (फी ५०० रुपये, ऑनलाइन होतो). वस्तूंची निर्यात ही आंतरराज्य पुरवठ्यात धरतात, त्यामुळे ४० लाखांची मर्यादा दाखवून जीएसटी नोंदणी टाळता येत नाही. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंद) फुकट आहे, ती करून टाका. पोस्टाची डाकघर निर्यात केंद्रं आहेत, तिथं पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट भरून पार्सल जातं. हे सगळं जमण्यासारखं आहे, पण महिन्याला पाच डिस्कसाठी करू नये.

---

झणझणीत

मग २०२७ च्या कुंभमेळ्यात विका. शाही स्नान झाल्यावर एकेक डिस्क.

---

अंबडकर

मी अंबड एमआयडीसीत प्लास्टिक मोल्डिंगमध्ये आहे. डिस्क गोल्फ आज पहिल्यांदा ऐकला, पण माल ओळखीचा आहे.

रंगखुळीताई, तुमच्या त्या कोऱ्या डिस्क टीपीयूच्या असणार, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन. स्वस्त डिस्क वेगळ्या प्लास्टिकच्या येतात, त्यांच्यावर हा रंग फिका बसेल किंवा बसणारच नाही. बरोबर ना?

माझ्या डोक्यात लगेच आलं की कोरी डिस्क इथंच का पाडू नये. मग बसून विचार केला. साचा लाखांत जातो. टीपीयू दमट हवा ओढून घेतं, त्यामुळे दाणा आधी ८०-९० अंशांवर दोन-चार तास वाळवावा लागतो, नाहीतर मालात बुडबुडे. तेही करू. पण एकदा मशीन लावलं की एका पाळीत शेकडो नग निघणार, ते घेणार कोण? आणि ऑस्टिनवाले सांगतील, स्पर्धेत चालायला संघटनेची मान्यता लागत असेल.

---

ऑस्टिनचा नाशिककर

लागते. प्रत्येक नव्या साच्याचे नमुने पीडीजीएकडे पाठवावे लागतात. व्यास, कडेची जाडी, लवचिकता, सगळं मोजतात. वजन व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमच्या वर चालत नाही.

रंगाचाही नियम आहे, तो ताईंच्या बाजूचा आहे. मुरलेला रंग चालतो, पण हाताला थर जाणवेल असं काही वर चढवलं तर डिस्क स्पर्धेतून बाद. म्हणून तर सगळे डाय करतात, ऑइलपेंट कुणी लावत नाही.

---

येवलेकर

आमच्या घरात पैठणीचं रेशीम रंगवतात, म्हणून रंगापुरतं बोलतो.

ताई जे वापरतात ते डिस्पर्स रंग. पॉलिएस्टरच्या साड्यांचे. सुरतेला पोत्यांनी मिळतात, तिथून आणले तर अमेरिकेतल्या छोट्या बाटलीच्या मानानं फुकटच म्हणा. रेशमावर मात्र हे कामाचे नाहीत. रेशमाला आमचे अ‍ॅसिड रंग लागतात, ते पाण्यात विरघळतात आणि धाग्याला धरतात. डिस्पर्स रंग पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, नुसता तरंगत राहतो आणि उष्णता मिळाली की पाणी सोडून प्लास्टिकात घुसतो. पॉलिएस्टरमध्ये घुसायला १३० अंश आणि बंद मशीन लागतं. तुमच्या डिस्कला ६० अंश कसे पुरतात याचंच मला नवल वाटतंय. अंबडकर, उलगडा करा.

आणि गडद आधी, फिकट नंतर ही पद्धत बाटिकच्या अगदी उलट आहे. बाटिकमध्ये फिकट आधी रंगवून मेणानं झाकतात. इथं व्हायनल सोलत जायचं असल्यामुळे क्रम फिरला. काळ्यावर पिवळा चढला तरी काळा काळाच. आवडलं.

---

अंबडकर

येवलेकर, टीपीयू आतून अर्धं रबर असतं. पॉलिएस्टरच्या रेणूंची साखळी साध्या तापमानाला घट्ट बसलेली, तिला हलवायलाच खूप उष्णता लागते. टीपीयूतला मऊ भाग खोलीच्या तापमानालाही हलत असतो. त्यामुळे दार उघडंच आहे, ६० अंशांवर रंग आरामात आत.

पण जे दार आत यायला उघडं तेच पुढे सरकायलाही. ताई, तुमच्या बारीक रेघा काही महिन्यांनी पसरत असतील. नाशकातल्या एप्रिलमध्ये गाडीच्या डिकीत ठेवल्या तर आणखी लवकर. याला इलाज नाही, मालाचा गुण आहे. गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

---

रंगखुळी

अंबडकर, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं! दादानं पहिल्या डिस्कचा अलीकडचा फोटो पाठवला, त्यात मोराच्या पिसाऱ्यातल्या रेघा धुरकट झाल्यात. मला वाटत होतं फोटो हलला. म्हणजे दोन रेघांमध्ये मोकळी जागा जास्त ठेवायला हवी.

---

ऑस्टिनचा नाशिककर

हो, इथले अनुभवी लोक नक्षी ठसठशीत ठेवतात त्याचं हेच कारण. आणि कुठल्याही डिस्कला झाडं, दगड, डांबर लागणारच. फार नाजूक काम असलेल्या डिस्क भिंतीवर टांगल्या जातात. तो वेगळा गिऱ्हाईक, तो जास्त पैसे देतो पण वर्षातून एकदा येतो.

---

पुण्याचा फेकू

नावावर जाऊ नका, मी अल्टिमेट खेळतो, म्हणजे फ्रिस्बीचा सांघिक खेळ. भारतात फ्रिस्बी म्हणजे मुख्यतः अल्टिमेट. पुणे, मुंबई, चेन्नई, बंगळूर इथं संघ आहेत. मग भारतातच का विकू नये?

---

रंगखुळी

विचार केला होता. तुमची १७५ ग्रॅमची डिस्क मागवून बुडवून पाहिली. गुलाबी रंगात इतका वेळ ठेवली तरी बाहेर काढल्यावर नुसती लाजल्यासारखी झाली, आणि साबणानं धुतली तर तेवढंही गेलं.

---

अंबडकर

पॉलिएथिलीन असणार. त्यावर डिस्पर्स रंग टिकत नाही. त्याला छपाईच.

---

पुण्याचा फेकू

बरोबर, आमच्या संघाच्या डिस्क छापूनच येतात. विषय संपला. पण छपाईची चित्रं कुणीतरी काढतंच ना? आमचं चित्र गेल्या खेपेला एका खेळाडूच्या बहिणीनं फुकट काढलं आणि ते तसं दिसतही होतं.

---

चित्रांगी

मी रेझिनच्या वस्तू विकते, कॉलेज रोडला राहते. हाताच्या कामाच्या धंद्याबद्दल बोलते.

कच्चा माल किती आणि विक्री किती हा हिशोब सगळे करतात. गिऱ्हाइकाशी बोलण्यात जाणारा वेळ कुणी धरत नाही. 'निळा पण फार निळा नको', 'आधी दाखवाल का', 'नवऱ्याचं नाव टाकाल का', 'नाव नको, आद्याक्षर'. एका ऑर्डरमागे हे तासभर चालतं. रंगखुळीनं धरलेले दीड-दोन तास नुसत्या हाताच्या कामाचे आहेत.

मी काय करते ते सांगते. ठरलेली पाच-सहा डिझाइन्स, रंग बदलून देते, त्यापलीकडे 'खास' हवं असेल तर दर दुप्पट आणि पैसे आधी. बोलणं अर्ध्यावर आलं.

गोंदाच्या पद्धतीत तर तुझा फायदाच आहे. ताटं दहा मांड, हाताचा वेळ प्रत्येकी दहा-पंधरा मिनिटं, बाकी काम गोंद करतो. स्टेन्सिलवर कशाला अडून बसतेस?

---

रंगखुळी

चित्रांगी, पटतंय. ताटं मी मांडतेच, स्टीलची, सपाट बुडाची. आपला फेविकॉल एमआर थोडं पाणी घालून चालतो. ताटाला पातळी लावून घ्यावी लागते, नाहीतर गोंद एका बाजूला सरकतो. डिस्क ठेवताना एका कडेनं टेकवत आडवी करायची, म्हणजे मधे हवा अडकत नाही. हवा अडकली तर तिथं पांढरा डाग राहतो आणि तो नेमका मधोमध येतो.

पण गोंदाची डिस्क कुणीही करतं. दादाचे मित्र मागतात ते पैठणीचे मोर आणि वारली.

---

सुरगाणेकर

वारलीचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या भागात घराच्या भिंतीवर हे काढतात. डिस्कवर काढायला माझी हरकत नाही, गोल रचना तर त्यात आहेच, तारप्याच्या नाचाचा फेर डिस्कवर फार छान बसेल. पण वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. 'अस्सल वारली' असं लिहून विकायचं असेल तर वारली माणसाकडून काढून घ्या आणि त्याला पैसे द्या. 'वारलीवरून सुचलेलं' म्हणत असाल तर तसं स्पष्ट लिहा.

---

रंगखुळी

रास्त आहे. तुम्ही काढता का? काढत असाल तर निरोप करा, दर तुम्ही सांगा.

---

पंचवटीकर काकू

मोर ठीक, वारली ठीक. देवाची चित्रं काढू नकोस हो. ती डिस्क चिखलात पडणार, झाडावर आपटणार, कुत्रं तोंडात धरून पळणार.

---

रंगखुळी

काकू, एकानं गणपती मागितला होता. गोराच होता, भक्तीनंच मागत होता. मी नाही म्हटलं, त्याला कारण समजावून सांगितल्यावर म्हणाला, मग उंदीर काढ. उंदीर काढून दिला. मोदक घेऊन पळणारा. आतापर्यंतची सगळ्यात छान डिस्क तीच झालीय.

---

झणझणीत

उंदराचा फोटो टाका, मी विकत घेतो. कुठे फेकायची ते नंतर बघू.

---

ऑस्टिनचा नाशिककर

अवांतर: काकूंनी डिस्क आणि देव म्हटलं म्हणून आठवलं. ते एड हेड्रिक २००२ मध्ये गेले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून मोजक्या डिस्क काढल्या.

---

पंचवटीकर काकू

अगं बाई. इथं सबंध देशातून माणसं अस्थी घेऊन रामकुंडावर येतात, आणि हे गृहस्थ मेल्यावरही फेकून घेणार! ज्याची त्याची श्रद्धा.

---

हिशोबनीस

धागा भरकटतोय. देवावरून एक धंद्याचा मुद्दा. कार्टून, सुपरहिरो, फुटबॉल संघांची बोधचिन्हं, कुणी कितीही पैसे देवो, काढू नका. इथं गल्लीत रेडियमवाला कुठलंही चिन्ह कापून देतो म्हणून सवय झालेली असते. अमेरिकी वेबसाइटवर तेच टाकलं की तक्रार येते आणि दुकान बंद होतं.

---

रंगखुळी

शार्लटचा फुटबॉल संघ आहे, त्याच्या काळ्या बिबट्याची मागणी सगळ्यात जास्त. बरं झालं विचारलं.

---

ऑस्टिनचा नाशिककर

रंगखुळी, आता खरा मुद्दा. इथं जे रंगवणारे नियमित कमावतात ते कोऱ्या डिस्क विकत घेऊन बसत नाहीत. गिऱ्हाईक स्वतःची डिस्क देतो, हे रंगवण्याचे २०-२५ डॉलर घेतात. भांडवल अडकत नाही. जोखीम एकच, डिस्क बिघडली तर भरून द्यायची, आणि काही जुन्या डिस्क आता बनतच नाहीत. पण हे फक्त गाडीनं जाता येईल अशा अंतरात चालतं. नाशकात बसून तुम्हाला हे करता येणार नाही.

आणखी एक. हे सगळे रंगवतात छान, चित्र काढता येत नाही. बहुतेकांकडे संगणकातल्या फाइलवरून व्हायनल कापणारं घरगुती कटर मशीन आहे, आणि नक्षी मात्र इंटरनेटवरची तीच तीच: कवट्या, ड्रॅगन, डोंगर. कापलेलं स्टेन्सिल किंवा कटरची फाइल विकत घेणारा गिऱ्हाईक हे लोक आहेत. तुमचा तो उंदीर मी स्वतः पैसे देऊन घेतला असता, आणि माझ्याकडे डिस्क पडूनच आहेत.

---

चित्रांगी

हे मी म्हणणारच होते! फाइल एकदा काढली की किती वेळा विकली तरी हात दुखत नाहीत.

---

हिशोबनीस

आणि फाइलला कस्टम्स नाही, खोका नाही, पोस्ट नाही. ती सेवा धरली जाते. सेवांना वर्षाला २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, परराज्यातल्या ग्राहकासाठीही. आयईसीचीही साधारण गरज पडत नाही. आलेल्या डॉलरचे बँकेचे कागद तेवढे जपून ठेवा. तुमच्या सीएकडून एकदा खात्री करून घ्या, इथल्या प्रतिसादावर रिटर्न भरू नका.

कापलेलं स्टेन्सिल मात्र वस्तूच आहे, पाकिटात मावलं तरी. तिथं वर लिहिलेलं सगळं लागू.

---

येवलेकर

हे ऐकायला बरं आहे, पण ताई रंगखुळ्या आहेत, फाइलखुळ्या नव्हेत. दिवसभर संगणकावर रेघा ओढत बसायला त्यांना आवडेल का? आमच्याकडेही पैठणीचं डिझाइन संगणकावर काढणारे वेगळे आणि मागावर बसणारे वेगळे. एकाला दुसऱ्याच्या जागी बसवलं की दोघंही पळतात.

---

रंगखुळी

येवलेकर, नेमकं हेच मनात होतं. पण असं बघा, नक्षी चालते की नाही हे रंगवल्याशिवाय कळत नाही. मोराच्या पिसाऱ्याचंच घ्या. फाइलमध्ये झकास दिसतो, सोलताना बारीक टोकं उचलली जातात, आणि वर अंबडकरांनी सांगितलं तसं महिन्यांनी रेघा एकमेकांत मिसळतात. म्हणजे प्रत्येक फाइल विकायच्या आधी मला ती इथं रंगवून, काही काळ ठेवून बघावीच लागणार. रंगाचं काम सुटत नाही, त्याला फक्त गिऱ्हाईक नसेल.

रात्री दादाशी फोनवर बोलले. ठरलं ते असं. डिस्क पाठवणं बंद. तो पुढच्या खेपेला येताना कोऱ्या डिस्क घेऊन येईल त्या माझ्या चाचणीसाठी. त्याचा एक मित्र तिथं रंगवतो, तो माझ्या नक्षी वापरेल आणि फोटो देईल. फाइल मी ८ डॉलरला लावणार. मोर, उंदीर, द्राक्षाचा घड (नाशिक म्हटल्यावर तो आलाच), आणि सुरगाणेकरांनी हो म्हटलं तर तारप्याचा फेर, त्याचे निम्मे त्यांचे. साड्या-कुर्त्यांची कामं चालूच राहतील, घर त्यावरच चालतं. वर्षभरात या फाइल्सनी रंगाचा आणि कटरचा खर्च काढला तर पुढचं बघू, नाही काढला तर छंद म्हणून डिस्क आहेतच. आईला अजूनही नाव सांगता येत नाही, ती 'थाळ्या' म्हणते.

---

सुरगाणेकर

निरोप केलाय. निम्मे ठीक आहेत, पण फाइलवर नाव माझं हवं.

---

रंगखुळी

नाव तुमचंच, पहिल्या ओळीत.

---

पंचवटीकर काकू

रंगाचं पाणी कुठे ओततेस ते नाही सांगितलंस. आमच्या गंगेत, म्हणजे गोदावरीत, आधीच काय कमी जातंय?

---

येवलेकर

काकूंचा प्रश्न बरोबर आहे. ताई, रंगपाणी प्रत्येक वेळी फेकू नका, झाकून ठेवा. डिस्पर्स रंगाचं पाणी परत गरम करून अनेकदा वापरता येतं, फिकं पडलं की पूड टाकायची. शेवटी उरेल ते रुंद घमेल्यात उन्हात आटवा आणि तळाचा साका गुंडाळून वेगळा द्या. पूड कालवताना मास्क आणि हातमोजे हवेतच. या वर्गातल्या काही निळ्या रंगांनी, विशेषतः डिस्पर्स ब्लू १०६ आणि १२४ नी, कातडीला अ‍ॅलर्जी होते. सुरतेहून घेताना नुसतं 'निळा' म्हणू नका, डब्यावरचा क्रमांक वाचून घ्या.

---

रंगखुळी

क्रमांक लिहून घेतले. आता शेवटचा प्रश्न, अंबडकरांना. चाचणीसाठी व्हायनल मी इथल्या द्वारका भागातल्या एका रेडियमवाल्याकडून आणते. गाड्यांच्या स्टिकरचं. निम्म्या वेळा गरम पाण्यात कडा सुटतात आणि रंग खाली शिरतो. कोणतं घेऊ?

---

अंबडकर

स्वस्त रोलचा चिकटा ६० अंशांना नरम पडतो. बाहेरच्या बोर्डांसाठीचं, कायमच्या चिकट्याचं व्हायनल मागा, काढता येणाऱ्याचं नको. लावायच्या आधी डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून पूर्ण वाळू द्या. डिस्कचा माथा थोडा फुगीर असतो, त्यामुळे कडेला बारीक चिरा दिल्याशिवाय व्हायनल सपाट बसणार नाही, सुरकुती राहते आणि रंग तिथूनच शिरतो. मग प्लास्टिकच्या पट्टीनं मधून कडेकडे जोर लावून घासा आणि रात्रभर तशीच ठेवा. सकाळी बुडवा.

आधी मीटरभरच घ्या. रोल घेऊ नका.